लिस्बन आधी, पणजी शेवटी: भारत-पोर्तुगाल वकिलाती बंद होताना बेळगाव सीमेवर काय झालं

१ सप्टेंबर १९५५ ला गोव्यातलं भारताचं महावाणिज्यदूत कार्यालय, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं कॉन्सुलेट, बंद झालं. शाळेच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत ही तारीख सहसा नसते. तिथे ११ जून १९५३ असते, भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली तो दिवस. नाहीतर थेट १९ डिसेंबर १९६१, गोवा मुक्त झाला तो दिवस. पण खानापूर, लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक या पट्ट्यातून पाहिलं तर संबंध खरे तुटले ते या मधल्या तारखेला. लिस्बनची वकिलात बंद झाली तेव्हा लोंढ्याहून मुरगावकडे गाडी जात होती आणि गोव्यात अडकलेल्या भारतीयाला जाऊन भेटता येईल असा एक भारतीय अधिकारी तिथे बसत होता. १९५५ नंतर गाडीही राहिली नाही आणि तो अधिकारीही नाही.

हे प्रकरण मांडायचं कारण एवढंच, की दोन देशांच्या राजदूतांचा इतिहास लिहिताना नावं आणि तारखांची यादी केली जाते आणि मधली रिकामी वर्षं एका रेघेत गुंडाळली जातात. भारत-पोर्तुगाल यादीत ती रेघ वीस वर्षांहून मोठी आहे. त्या वीस वर्षांत दूतांची कामं थांबली नव्हती. ती दुसऱ्यांच्या गळ्यात पडली, आणि त्यांतली बरीचशी या सीमेवर येऊन पडली.

मुळात होतं काय

पहिली गोष्ट, १९४९ मध्ये भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध सुरू झाले ते राजदूतांच्या पातळीवर नव्हते. दोन्हीकडे लिगेशन होतं, दूतावासाच्या एक पायरी खालची वकिलात. तिचा प्रमुख राजदूत नसून 'मिनिस्टर' दर्जाचा प्रतिनिधी. त्या काळात हे सर्रास चाले. लहान देशांशी किंवा नव्याने जुळलेल्या संबंधांत लिगेशनच असे. म्हणून 'भारताचे पोर्तुगालमधील पहिले राजदूत' असं म्हणत १९४९ च्या माणसाचं नाव टाकणाऱ्या याद्या पहिल्याच ओळीत चुकतात.

लिगेशनच्याही खाली चार्ज द'अफेयर्स. राजदूत आणि मिनिस्टर हे यजमान देशाच्या राष्ट्रप्रमुखाला अधिकारपत्र देतात. चार्ज द'अफेयर्स परराष्ट्रमंत्र्याला देतो. त्यातही दोन जाती आहेत: एक नेमूनच पाठवलेला, दुसरा प्रमुख रजेवर किंवा बदलीवर असताना तात्पुरता कारभार पाहणारा. यादी करणारे हे दोन्ही एकाच रकान्यात कोंबतात आणि मग प्रमुखांची संख्या फुगते. आपल्या प्रकरणात हा फरक महत्त्वाचा आहे, कारण लिस्बनच्या शेवटच्या वर्षांत, १९५१ ते ५३, तिथे केवल सिंग होते आणि ते चार्ज द'अफेयर्स होते. मिनिस्टर न पाठवता चार्जवर काम भागवणं ही गोष्ट यजमान देशाला न बोलता कळते.

माणूस नेमण्याची रीत अशी. आधी नाव गुपचूप कळवून यजमान देशाची संमती घ्यायची. ती आली की नियुक्ती जाहीर करायची. मग माणूस पोचतो, आणि अधिकारपत्र सादर केल्यावर त्याचं काम रीतसर सुरू होतं. म्हणजे एका माणसाला निदान तीन सुरुवातीच्या तारखा असतात: नियुक्तीची, आगमनाची, अधिकारपत्राची. एका यादीत पहिली, दुसरीत तिसरी घेतली की दोन प्रमुख एकाच वेळी पदावर दिसतात किंवा मध्ये उगाच दोन-तीन महिन्यांची फट पडते. ज्याला कोणाला अशी यादी करायची असेल त्याने कुठली तारीख घेतली ते वर लिहून टाकावं आणि शेवटपर्यंत तीच धरावी.

कॉन्सुलचं वेगळं. तो राष्ट्रप्रमुखाकडे जात नाही. त्याला आपल्या सरकारचं नियुक्तिपत्र असतं आणि यजमान सरकार त्यावर काम करण्याची परवानगी देतं, तिला एक्झेक्वाटर म्हणतात. ती परवानगी ठरावीक जिल्ह्यापुरती किंवा प्रांतापुरती असते. गोव्यातल्या भारतीय महावाणिज्यदूताची ताकद आणि दुबळेपणा दोन्ही इथेच होते. तो रोज ज्यांच्याशी बोलत होता ते गव्हर्नर जनरल गोव्याचा कारभार पाहत, पण गोव्याच्या भवितव्याबद्दल एक शब्द काढायची मुभा त्यांना नव्हती. तो निर्णय लिस्बनमध्ये, पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या हातात. १९५१ मध्ये पोर्तुगालने घटना बदलून वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' करून टाकलं. त्यानंतर लिस्बनच्या लेखी गोव्याबद्दल वाटाघाट म्हणजे स्वतःच्याच एका प्रांताबद्दल परक्याशी बोलणं झालं.

बंद होण्याचा क्रम

२७ फेब्रुवारी १९५० ला भारताने लिस्बनमधल्या आपल्या वकिलातीमार्फत वसाहतींच्या भवितव्यावर बोलणी सुरू करण्याचा प्रस्ताव दिला. जूनच्या मध्यावर उत्तर आलं: हा विषय चर्चेचाच नाही. पुढची तीन वर्षं टिपणं आणि प्रतिटिपणं यांत गेली आणि ११ जून १९५३ ला भारताने लिस्बनचं दार लावून घेतलं.

पोर्तुगालने मात्र दिल्लीतली आपली वकिलात उठवली नाही. तिथे मिनिस्टर म्हणून वास्को व्हिएरा गारीन होते. म्हणजे जून १९५३ ते ऑगस्ट १९५५ ही सव्वादोन वर्षं संबंध एका पायावर उभे होते. भारताला पोर्तुगालशी बोलायचं तर दिल्लीतच, पोर्तुगालच्या माणसामार्फत. गारीन जे आणि ज्या शब्दांत लिस्बनला कळवतील त्यावर भिस्त. आपला माणूस तिथे नसल्याने लिस्बनमध्ये हवा कशी आहे, मंत्रालयात कोण मऊ आणि कोण कडक, हे तपासायची सोय उरली नाही. वकिलात बंद करणं हा निषेध म्हणून ठसठशीत दिसतो, पण त्यात आपलेच डोळे आपण झाकून घेतो. हा भाग त्या वेळच्या उत्साहात मागे पडला असं आमचं मत.

याच काळात २२ जुलै १९५४ ला दादरा आणि २ ऑगस्टला नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून गेली. लगेच ऑगस्टमध्ये तटस्थ निरीक्षक नेमण्यावरून दोन्ही बाजूंची पत्रापत्री झाली. तत्त्वतः होकार दोघांचाही होता, निरीक्षकांनी नेमकं काय पाहायचं यावर मात्र जमलं नाही आणि विषय विरून गेला. समोरासमोर बसणारी दोन माणसं असती तर जमलं असतं का? कदाचित नसतंही. पण कागदावर अडलेली वाक्यं चहाच्या टेबलावर सुटल्याची उदाहरणं या व्यवसायात कमी नाहीत.

१९५५ च्या उन्हाळ्यात सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्यात शिरू लागल्या. मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट, जूनमध्ये जगन्नाथराव जोशी, जुलैमध्ये मधू लिमये. त्यांना मारहाण झाली. गोरे, जोशी, लिमये आणि इतर अनेकांना लष्करी न्यायालयाने दहा-दहा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या शिक्षा ठोठावल्या. २५ जुलैला भारताने पोर्तुगालला दिल्लीतली वकिलात बंद करायला सांगितलं, ८ ऑगस्टपासून.

आता तारखा जुळवून पाहा. ८ ऑगस्टला दिल्लीतली पोर्तुगीज वकिलात बंद. १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही वेगवेगळ्या बाजूंनी गोव्यात शिरले आणि पोर्तुगिजांनी गोळीबार केला. वीसहून अधिक माणसं गेली, पत्रादेवीजवळ पडलेला कर्नेलसिंग त्यांतला एक. त्या दिवशी निषेधाची चिठ्ठी जिच्या दारात द्यायची ती पोर्तुगालची वकिलात दिल्लीत नव्हती. आपली लिस्बनमध्ये दोन वर्षांपूर्वीच मिटलेली. उरलं होतं फक्त गोव्यातलं कॉन्सुलेट, आणि राजकीय वाटाघाट करायचा अधिकार कॉन्सुलला नसतो. जखमी कुठे आहेत, प्रेतं ताब्यात कशी घ्यायची, कैदी किती, एवढं तो विचारू शकत होता. तो सुद्धा १ सप्टेंबरपर्यंतच. भारताने आपलं कॉन्सुलेट उठवलं आणि भारतातली पोर्तुगीज कॉन्सुलेटंही बंद करायला लावली.

कॅसलरॉकचा फलाट

बेळगावकरांना हा सगळा प्रकार समजायला कॅसलरॉक स्टेशन पुरे आहे. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा मीटरगेज मार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला. त्यामागे १८७८ चा ब्रिटन-पोर्तुगाल करार होता. पोर्तुगिजांनी मिठाचा व्यवहार ब्रिटिशांच्या हाती दिला, जकात एक केली, आणि बदल्यात वर्षाला ४ लाख रुपये आणि रेल्वे मिळवली. करार बारा वर्षांतच संपला, जकातनाकी पुन्हा उभी राहिली, रेल्वे तेवढी उरली. मार्ग बांधणारी कंपनी पोर्तुगीज हमीवर चाललेली इंग्रज कंपनी. गाड्या चालवायचं काम पुढे करारानेच सदर्न मराठा रेल्वेकडे आलं. म्हणजे गोव्याच्या पोटातून धावणाऱ्या गाडीचा कारभार धारवाड-हुबळीच्या रेल्वेचा. दोन सरकारांमध्ये कितीही ताण असला तरी हा धागा टिकून होता.

कॅसलरॉक ते कुळे साधारण २६ किलोमीटरचा घाट, चढ १:३७. ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. मधे दूधसागर. आजही इथे मालगाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. घाटाच्या माथ्यावर कॅसलरॉकला आपला जकातनाका, पायथ्याशी कुळ्याला त्यांचा. प्रवाशाला दोनदा सामान उघडून दाखवावं लागे. राममनोहर लोहियांना सप्टेंबर १९४६ मध्ये दुसऱ्यांदा अटक झाली ती कुळे स्टेशनवरच. त्याआधी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॅशनल काँग्रेस (गोवा) ही संघटना स्थापन झाली ती लोंढ्याला, कारण गोव्यात सभा घेता येत नव्हती आणि लोंढा हे गोव्याबाहेरचं पहिलं मोठं जंक्शन. वकिलाती बंद झाल्यावर जे काम सीमेवर सरकलं ते मोकळ्या जागेत सरकलं नाही. इथे आधीपासून रस्ता मळलेला होता.

१९५५ मध्ये रेल्वेची ये-जा थांबली तेव्हा हे स्टेशन वाटेतलं राहिलं नाही, ते शेवटचं स्टेशन झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी गुप्त रेडिओ सुरू झाला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या जंगलातून तो १९६१ पर्यंत चालवला. गोव्यातल्या लोकांना भारताची भूमिका कळवणं हे एरवी कॉन्सुलेटच्या माहिती विभागाचं काम. ते आता झाडीतल्या ट्रान्समीटरवर होऊ लागलं. आणि उलटी बातमी, गोव्यात काय चाललंय ती, सीमा ओलांडून आलेली माणसं, जकातनाक्यावरचे शिपाई आणि भूमिगत कार्यकर्ते आणत. ही माहिती तुटक असते आणि आणणाऱ्याच्या आशेप्रमाणे रंगलेली असते. कॉन्सुलेटच्या पाक्षिक अहवालाची जागा ती घेऊ शकत नाही.

कॉन्सुलेट नसलं की काय अडतं

समजा १९५२ मध्ये खानापूर तालुक्यातल्या एखाद्या बाईचं माहेर गोव्यात सांग्याला आहे. तिला जायला पासपोर्ट लागत नव्हता. भाऊ मनिऑर्डर पाठवी, हिच्या घरून तांदूळ-भाजी जाई, गणपतीला येणं-जाणं. १९५४ पासून दोन्हीकडून परवान्यांचा जाच वाढला, पैसे पाठवण्यावर बंधनं आली. तरी कॉन्सुलेट होतं तोवर एक दरवाजा होता. प्रवासाचे कागद तिथे होत, गोव्यात मरण पावलेल्या भारतीयाच्या दाखल्यावर शिक्का तिथे बसे, जमिनीच्या मुखत्यारपत्राची साक्षांकित प्रत तिथे मिळे. हे तीन कागद म्हणजे सीमेवरच्या कुटुंबाचं अर्धं जगणं.

१ सप्टेंबरनंतर यांतलं एकही सरळ होईना. मुखत्यारपत्र नसल्याने वाटणी अडते. मृत्यूच्या दाखल्यावर शिक्का नसल्याने इकडच्या बँकेत किंवा कचेरीत वारसनोंद अडते. पैसे येत नाहीत म्हणून म्हातारी माणसं चुलत्यांच्या दारात जातात. काहींनी चोरवाटा धरल्या. जांबोटी, कणकुंबीच्या रानातून डोक्यावर गाठोडं घेऊन जाणाऱ्या माणसाला सीमा ओलांडणं कधीच अवघड नव्हतं, अवघड होते ते कागद. सोनं, घड्याळं आणि दारू यांची चोरटी आयात या काळात वाढली ती निव्वळ लोभामुळे नाही. नाकेबंदीने सरळ व्यापार बंद केला तेव्हा वाकडा तेवढा चालू राहिला. गोव्याची बाजारपेठ बेळगावच्या भाजी-बटाट्यावर अवलंबून होती, ती हॉलंडचा बटाटा आणि पाकिस्तानचा तांदूळ खाऊ लागली. उपाशी मरून गोवा शरण येईल हा हिशेब चुकला, आणि इकडच्या आडत्यांचं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

तिसऱ्या देशाच्या हाती

दोन देशांचं बोलणं बंद पडलं की एक जुनी सोय आहे. आपल्या हितसंबंधांची देखभाल तिसऱ्या देशाकडे सोपवायची. त्याला यजमान देशाची संमती लागते. भारताने ही जबाबदारी इजिप्तकडे दिली, पोर्तुगालने ब्राझीलकडे. ही रीत १९६१ च्या व्हिएन्ना करारात कलम ४५ म्हणून लिहिली गेली, म्हणजे १९५५ ला ती निव्वळ वहिवाट होती. बोट ठेवायला कलम नव्हतं.

सोपवलेल्या देशाचं काम साधारण चार प्रकारचं: बंद इमारत आणि दप्तर सांभाळणं, एकमेकांच्या चिठ्ठ्या पोचवणं, अडकलेल्या नागरिकांची विचारपूस, आणि कैद्यांना भेटणं. अडचण कामाच्या लांबीत आहे. बेळगावहून पणजी रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पण बेळगावच्या माणसाचा तुरुंगातल्या भावाबद्दलचा अर्ज रीतसर गेला तर दिल्ली, तिथून कैरो, कैरोहून लिस्बनमधली इजिप्तची वकिलात, मग पोर्तुगालचं मंत्रालय आणि शेवटी पणजी असा फिरणार. उत्तर त्याच वाटेने उलटं. दर टप्प्यावर भाषांतर, दर टप्प्यावर कोणाची तरी रजा. शिवाय इजिप्तच्या माणसाला स्वतःच्या देशाची कामं आहेतच. १९५६ च्या सुएझ संकटात तर त्याच्या देशालाच आग लागलेली.

आणखी एक गाठ होती. कॉन्सुलचं किंवा त्याच्या जागी आलेल्या तिसऱ्या देशाचं संरक्षण फक्त आपल्या नागरिकाला. पुण्याचे गोरे, नरगुंदचे जगन्नाथराव हे भारतीय, म्हणून त्यांच्याबद्दल विचारता येत होतं. गोव्यात जन्मलेला स्वातंत्र्यसैनिक पोर्तुगीज कायद्याच्या दृष्टीने पोर्तुगालचा नागरिक. त्याच्याबद्दल बाहेरच्याने बोलायचं म्हणजे 'आमच्या घरात नाक खुपसू नका' हे उत्तर तयार. आग्वादच्या तुरुंगात शेजारच्या कोठड्यांत बसलेल्या दोघांची कायदेशीर स्थिती अशी अगदी वेगळी होती. भारतीय सत्याग्रही १९५७ च्या फेब्रुवारीत सुटले. अनेक गोवेकर मागे राहिले.

मोहन रानडे यांचं प्रकरण या सगळ्याची कसोटी आहे. सांगलीचा हा तरुण गोव्यात मराठी शिक्षक म्हणून गेला, आझाद गोमंतक दल या सशस्त्र क्रांतिकारी संघटनेत शिरला आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. कॉन्सुलेट बंद होऊन तेव्हा जेमतेम काही आठवडे झाले होते. शिक्षा २६ वर्षांची. १९६० मध्ये त्यांना पोर्तुगालच्या काशियास तुरुंगात हलवलं. त्यामुळे १९६१ ला गोवा मुक्त झाला, तुरुंग उघडले, आणि रानडे मात्र हजारो मैल दूर, जिथे भारताचं एक टेबलसुद्धा नाही अशा शहराजवळ कोंडलेले. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये. त्यासाठी भारतात समित्या झाल्या, सह्या झाल्या, आणि तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोप सहावे पॉल यांच्याकडे शब्द टाकला. एका दुय्यम सचिवाने दर महिन्याला तुरुंगाच्या फाटकावर जाऊन जे काम लावून धरलं असतं त्यासाठी व्हॅटिकनपर्यंत जावं लागलं.

बंद करायलाच हवं होतं का

राजनैतिक संबंध तोडले म्हणून कॉन्सुलेट बंद झालंच पाहिजे असा नियम नाही. १९६३ च्या व्हिएन्ना करारात कलम २ मध्ये ते स्वच्छ लिहिलंय, आणि वहिवाट त्याआधीचीच होती. तेव्हा १ सप्टेंबरचा निर्णय कायद्याने लादलेला नव्हता, निवडलेला होता. १५ ऑगस्टनंतर देशात लोकक्षोभ इतका होता की गोळ्या घालणाऱ्याच्या दारात आपला झेंडा फडकतोय हे चित्र कोणत्याही सरकारला पेललं नसतं. कॉन्सुलेटच्या कर्मचाऱ्यांवर नजर, त्यांच्याकडे येणाऱ्यांवर पोलिसांचा पहारा, म्हणजे कार्यालय नावापुरतंच उरण्याची भीतीही होती. ही कारणं खरी आहेत. तरी आमचं मत असं, की झेंडा उतरवून दोन कारकून आणि एक उपवाणिज्यदूत ठेवता आला असता तर सीमेवरच्या कुटुंबांचा आणि कैद्यांचा मोठा त्रास वाचला असता.

तुलनेला पुदुच्चेरी आहे. तिथे फ्रान्सशी पॅरिस आणि दिल्ली ही दोन्ही दारं उघडी राहिली. भारताचं कॉन्सुलेट तिथे शेवटपर्यंत चालू होतं. ऑक्टोबर १९५४ मध्ये किळूरला प्रतिनिधींच्या मतदानात १७८ पैकी १७० जणांनी भारताच्या बाजूने कौल दिला आणि १ नोव्हेंबरला कारभार हाती आला. तिथे त्या वेळी भारताच्या बाजूने कारभार पाहत होते तेच केवल सिंग, लिस्बनचं दार लावून आलेले. फरक माणसाचा नव्हता. फ्रान्सला बोलायचं होतं, सालाझारना नव्हतं. हे मान्य केल्यावरही एक गोष्ट उरते: पुदुच्चेरीत कॉन्सुलेट होतं म्हणून हस्तांतराच्या दिवशी कोणती फाइल कोणाकडे, कोणता कर्मचारी कोणत्या पगारावर, हे आधीच माहीत होतं. गोव्यात १९ डिसेंबरनंतर ते सगळं पहिल्यापासून शोधावं लागलं.

हेगचा खटला या शांततेतच चालला. दादरा-नगर हवेलीत जाण्याच्या वाटेवरून पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० चा निकाल दोघांनाही अर्धा-अर्धा मिळाला. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्याचा हक्क होता. सैन्य, पोलीस आणि शस्त्रं यांना नव्हता. आणि भारताने आपलं कर्तव्य मोडलं नाही. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली.

बेळगाव, १९५६ ते १९६१

याच दरम्यान सीमेचा मालक बदलला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव आणि उत्तर कानडा दोन्ही मुंबई राज्यात होते. त्यानंतर म्हैसूर राज्यात. म्हणजे सावंतवाडीकडची गोव्याची हद्द मुंबईच्या हाताखाली, तर अनमोड, कॅसलरॉक, कणकुंबीकडची बेंगळुरूच्या. परवाना कोणी द्यायचा, निर्वासित आले तर खर्च कोणाच्या खात्यावर, जकातनाक्यावर पोलीस कोणत्या राज्याचे, हे प्रश्न एका रात्रीत दुप्पट झाले. बेळगावची मराठी माणसंही त्या वर्षी दुसऱ्या लढ्यात गुंतली. गोव्यासाठी सभा भरवणारे कार्यकर्ते आता आपल्या गावासाठी सत्याग्रह करत होते.

डिसेंबर १९६१ मध्ये १७ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनचा तळ बेळगावात पडला, प्रमुख मेजर जनरल कँडेथ. ५० व्या पॅराशूट ब्रिगेडने उत्तरेकडून आणि ६३ व्या ब्रिगेडने पूर्वेकडून, अनमोडच्या बाजूने मोलेकडे, चाल केली. १८ डिसेंबरला बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं. गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांचा लिस्बनशी बोलण्याचा मुख्य दुवा तोच होता. १९ च्या रात्री त्यांनी शरणागतीवर सही केली. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी मायदेशी पाठवायला मे १९६२ उजाडला. त्यांच्या सुटकेबद्दल सरळ बोलायला दोन्ही राजधान्यांत कोणीच नव्हतं, तो उशीर त्याचाही.

रिकामा रकाना कसा भरायचा

पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ ला क्रांती झाली, आणि ३१ डिसेंबरला दिल्लीत दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री, यशवंतराव चव्हाण आणि मारिओ सोआरिश, यांनी करारावर सह्या केल्या. पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं आणि संबंध पुन्हा सुरू झाले, या वेळी राजदूत पातळीवर. तेव्हा भारताचे परराष्ट्र सचिव होते केवल सिंग. यादीत लिस्बनची शेवटची ओळ ज्यांच्या नावावर होती, त्यांच्याच कारकिर्दीत पुढची ओळ लिहायची वेळ आली.

ही यादी नीट करायची तर नाव-दर्जा-तारखा यांशिवाय आणखी दोन रकाने लागतात: कॉन्सुलेट चालू की बंद, आणि देखभाल कोणाकडे. मग १९५३ ते १९७४ हा एक खड्डा न दिसता त्याचे तीन तुकडे दिसतात: जून १९५३ ते ऑगस्ट १९५५ (दिल्लीत वकिलात, लिस्बनमध्ये नाही, कॉन्सुलेटं चालू), ऑगस्ट १९५५ चे शेवटचे आठवडे (फक्त कॉन्सुलेटं), आणि सप्टेंबर १९५५ पासून पुढे (इजिप्त आणि ब्राझील). गोव्याच्या गव्हर्नर जनरलांना चुकूनही या यादीत घालू नये. ते दूत नव्हते, प्रशासक होते. मुंबईतल्या पोर्तुगीज कॉन्सुलला दिल्लीच्या मिनिस्टरच्या ओळीत बसवणं ही दुसरी नेहमीची चूक.

ज्या बेळगावकर घरांची मुळं गोव्यात आहेत त्यांच्यासाठी १९६२ चा नागरिकत्व आदेश आजही कामाचा कागद आहे. २० डिसेंबर १९६१ पूर्वी स्वतः, आईवडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणी त्या प्रदेशात जन्मलेलं असेल तर ती व्यक्ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानली गेली, ठरलेल्या मुदतीत लेखी नकार दिला नसेल तर. दुसऱ्या बाजूला पोर्तुगालचा कायदा त्या तारखेआधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना आपल्या नोंदीत घ्यायला तयार असतो, आणि त्यासाठी आता पणजीत पोर्तुगालचं कॉन्सुलेट आहे. चोर्ला घाटाने पणजीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी एक तपासावं: पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीतलं नाव आणि आपल्या शाळेच्या दाखल्यावरचं नाव एकच लिहिलंय का. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा तिथेच. आणि परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. दोन्ही खिशांत ठेवता येत नाहीत.